बायकोचा रिपोर्ट

ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायला गेलेला अभिमन्यू कारखान्याच्या गावी एका अनोळखी बाईकडे जाऊन आला, आणि तेव्हापासून त्याला एचआयव्हीची धास्ती बसली होती. रक्त तपासून घ्यावं हे त्याला कळत होतं, पण दवाखान्याच्या पायरीवरूनच तो माघारी यायचा.

बायको वनमाला गरोदर, शिरूरला माहेरी होती. गरोदर बाईची एचआयव्हीची तपासणी होतेच, हे त्याला ठाऊक होतं. तिला नसलं तर आपल्यालाही नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि रजा टाकून तिच्याबरोबर रिपोर्ट घ्यायला गेला.

"सगळं चांगलं आहे. एचआयव्ही पण नाही," सिस्टर म्हणाल्या.

अभिमन्यूला आनंद असा झाला नाही. नुसती धास्ती गेली.

"चल, गाडी निघून जाईल," तो म्हणाला.

वनमाला बाकावरून उठली नाही.


"सिस्टर, आता ह्यांचं रगत घ्या. हंगामाला गेल्यापासून हे आज पहिल्यांदा भेटलेत, आन् तेबी माझ्या रिपोर्टासाठी."