उघडं कपाट

बाबांनी कपाट उघडलं आणि हॉलमध्ये राजसीच्या लॅपटॉपवरचा वायफाय सिग्नलचा आकडा टुणकन वर गेला. आतला चष्मा घेऊन त्यांनी कपाट बंद केलं, तसा आकडा पुन्हा तळाला. राजसी त्या काळ्या पडद्याकडे बघतच राहिली. आठवडाभर ती लिनक्सला शिव्या घालत होती. वायरलेसचा ड्रायव्हर काढला, घातला, पुन्हा काढला, इंटरनेटवर कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांपुढे गाऱ्हाणी मांडली. आणि खरा गुन्हेगार समोर, आईबाबांच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून उभा होता.

"बाबा, कपाट परत उघडा ना जरा."

शरदचंद्रांनी उघडलं. आकडा वर.

"राउटर बाहेर काढा त्यातून. पत्र्यातून सिग्नलच येत नाहीये."

महाग वस्तू लोखंडी कपाटात, हा शरदचंद्रांचा कायदा होता. दागिने तिथे, कॅमेरा तिथे, मग नवाकोरा राउटर बाहेर धूळ खात कसा राहील? कपाटाच्या पाठीला त्यांनी स्वतः भोक पाडून वायरी आत घेतल्या होत्या, कडेला रबर लावून. अंबरनाथच्या एका कारखान्यातून ते अधिकारी म्हणून रिटायर झाले होते, त्यांचं काम सुबकच असायचं. किल्ली जानव्याला.

"अख्खी नोकरी मी धातूत काढली," ते म्हणाले. "पत्रा काय करतो, ते मला शिकवू नकोस. सिग्नल हवेतून जातो ना? मग कपाटात काय हवा नाही? दोष त्या तुझ्या लिनक्सचा आहे. फुकट ते पौष्टिक! उल्हासनगरला जा, कॅम्प दोनमध्ये कोणीही विंडोज टाकून देईल, म्हटलं तर नाक वर."

"नाही टाकणार. परीक्षाच लिनक्सची आहे."

परीक्षा आज दुपारी चारला होती. बंगळूरच्या कंपनीतलं एक बिघडलेलं मशीन इथे बसून तासाभरात दुरुस्त करून दाखवायचं. मध्येच कनेक्शन तुटलं की नोकरी गेली. सायबर कॅफे चालणार नव्हता, लॅपटॉप स्वतःचाच हवा अशी अट होती. राजसीला ती नोकरी हवी होती आणि शरदचंद्रांना ती बंगळूरला जायला नको होती. ही दुसरी गोष्ट कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण घरात माहीत सगळ्यांना होतं.

"राउटर राहू दे आत. नुसतं दार तासभर उघडं ठेवा, बाबा."

"भरदुपारी कपाट सताड उघडं? जिन्यात रंगाची माणसं वरखाली करतायत. नशिबात असेल तर बंद दारातूनही मिळेल."

त्यांनी किल्ली फिरवली, जानवं बनियनमध्ये सरकवलं आणि पलंगावर आडवे झाले.

"मग मी फोडते कपाट," राजसी म्हणाली. रागाने तिचा आवाज फाटला होता.

"फोड," शरदचंद्र डोळे मिटून म्हणाले. कपाट फुटणारं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कुमुदिनी पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ड्रायव्हर कळत नव्हता की राउटर. तिने एवढंच विचारलं, "दार उघडं असलं की चालतं?"

"हो, आई."

"मग तू बस तुझ्या जागेवर."

ती पलंगापाशी गेली. "अहो, किल्ली द्या. रेशमी साड्यांना हवा दाखवायचीय."

"आत्ता?"

"आत्ता."

"उद्या दाखव."

"साड्या माझ्या आहेत. मला वाटेल तेव्हा दाखवीन."

इतक्या वर्षांच्या संसारात या सुरात तिने त्यांच्याकडे साधं मीठ मागितलं नव्हतं. शरदचंद्र उठून बसले. बायकोला तिच्याच साड्या कशा नाकारायच्या, हे त्यांना कारखान्यात कोणी शिकवलं नव्हतं. जानवं बाहेर आलं.

कुमुदिनीने दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली. मग ती एकेक साडी काढू लागली, सावकाश, जशी काही आज तिला दुसरं कामच नव्हतं. एक खुर्चीवर पसरली, दोन पलंगावर. शरदचंद्रांना सरकत सरकत उठावं लागलं. चार वाजले, हॉलमध्ये राजसीच्या बोटांची टकटक सुरू झाली.

"झालं का?"

"नाही."

तिने नारायणपेठ कपाटाच्या एका दारावर टाकली आणि इरकली दुसऱ्या दारावर.

"बास आता, बंद कर. हे काय चाललंय ते मला कळतंय, कुमुद."

"कळावं म्हणूनच चाललंय."

ते पुढे झाले आणि त्यांनी दाराला हात घातला. कुमुदिनी बाजूला झाली नाही. तिने वाकून खालच्या कप्प्यातून मलमलीत गुंडाळलेला शेवटचं बोचकं काढलं. तिचा लग्नातला शालू. बारशाला नेसते म्हटलं तर ते म्हणायचे खराब होईल, मुंजीला नेसते म्हटलं तर खराब होईल, असं करत तो लग्नानंतर अंगाला लागलाच नव्हता.

तिने तो दोघांच्या मध्ये उलगडला. जिथे जिथे घडी होती, तिथे तिथे रेशीम उभं चिरलं होतं.

शरदचंद्रांचा हात दारावर तसाच राहिला. कुमुदिनीने एका चिरेतून आपला हात घातला. पलीकडे, त्यांच्या छातीपाशी, तिच्या बांगड्या बाहेर आल्या.

"बघा," ती म्हणाली. "तुम्ही जपून ठेवलेला."