अदलाबदल

दंगलीनंतर वर्गातही दोन तट पडले होते. पुन्हा हाणामारी झाली, तर 'एकमेकांची संस्कृती समजून घेऊया' हा तास बंद, असा मुख्याध्यापकांनी बाईंना दम दिलेला. बाईंनी त्या तासाला नाटुकलं घेतलं आणि मुलांच्या जागा बदलल्या. "आज तुम्ही ते आणि ते तुम्ही." वर्गातला पैलवान झाला जळालेल्या दुकानाचा मालक. खरं दुकान दुसऱ्या तटातल्या चष्मिशच्या वडिलांचं होतं. जाळणाऱ्यांत पैलवानाचा काका होता. चष्मिश काका झाला. त्या दिवशी ऐकलेल्या सुरात म्हणाला, "पुन्हा बांध, पुन्हा जाळू." पैलवानाचं डोकंच फिरलं. "माझं दुकान जाळतोस?" असं ओरडत त्यानं चष्मिशला बाकासकट आडवं केलं आणि बुकलून काढलं. मधे पडलेल्या बाईंनी दोन गुद्दे खाल्ले, तेव्हा तो थांबला आणि हमसाहमशी रडू लागला. मुख्याध्यापक धावत आले. चष्मिशनं तुटलेला दात खिशात टाकला. "बाई, याला पैकीच्या पैकी द्या."