सातवी डिस्क

टेबलाच्या कडेला चार भोकं. त्यांच्या तोंडाशी करडा चुरा, अजून पुसला न गेलेला.

झाकून ठेवलेलं ताट. दुपारी झाकलेलं; दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच.

दारावर कागद: आज पासपोर्ट फोटो मिळणार नाहीत.

सदतीस अंश.

वहीत चार आकडे, ७०४१, आणि त्यांच्यावरून तिरकी रेघ.

सकाळचे अकरा वाजले होते. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत डिस्कवाली फरशीवर मांडी घालून बसली होती. गल्लीतल्या कॉम्प्युटरांच्या डिस्क तीच बसवायची नि मोडीत काढायची, म्हणून सगळे तिला डिस्कवालीच म्हणत. तिचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

स्टुडिओचे फोटो साठवायच्या नव्या सर्व्हरला सहा खण होते. सहाही खणांत तिने कोऱ्या डिस्क सरकवल्या, खट् आवाज झाल्याची खात्री केली. आता त्यांचा पूल करायचा. सहा डिस्क मिळून एकच मोठी कोठी. एखादी गेली तरी बाकीच्या तिचं ओझं उचलतात. स्टुडिओवाल्या काकांना तिने हे असंच समजावलं होतं.

"म्हणजे एकत्र कुटुंब," काका म्हणाले होते. "फक्त भांडण नाही."

तिने स्क्रीनवर डिस्कची यादी उघडली. यादीत सात डिस्क होत्या.

"याला मोजता येत नाही का?" मागे उभ्या असलेल्या काकांनी विचारलं.

"जुनी यादी अडकली असेल, काका."

तिने यादी पुन्हा उघडली. सात. मशीन बंद करून चालू केलं. सात. मग तिने एकेक डिस्क खणातून ओढून काढली. दर वेळी यादीतली एक ओळ गळत गेली. सहाही डिस्क तिच्या मांडीपाशी आल्या, खण रिकामे झाले, आणि स्क्रीनवर एक ओळ राहिली.

आकार लहान. मॉडेल जुनं. एकसष्ट टक्के भरलेली. तापमान सदतीस.

नंबराचे शेवटचे चार आकडे तिने दोनदा वाचले आणि पिशवीतून वही काढली. मोडीत काढलेल्या प्रत्येक डिस्कचे आकडे ती लिहून ठेवायची आणि वरून रेघ मारायची. रेघ मारली की ती डिस्क संपली. ७०४१ वरही रेघ होती.

मागच्या वर्षी याच टेबलावर तिने ही डिस्क ड्रिलने चार ठिकाणी आरपार भोसकली होती. काकांनी सांगितलं म्हणून. हिच्यात त्यांच्या मुलाचे व्हिडिओ होते. मुलगा गेल्यापासून काकू स्क्रीनसमोरून उठत नव्हत्या, ताटाला हात लावत नव्हत्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. काकांनी त्यांना सांगितलं, डिस्क उडाली. काकूंनी डिस्कवालीकडे पाहिलं. डिस्कवालीने मान हलवली. त्यानंतर आठवड्याभराने काकू पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

"तीच का?" काकांनी विचारलं. वहीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"तीच."

"असं होतं कधी?"

"नाही होत."

काका दारापर्यंत गेले, पडदा सारखा केला आणि परत आले. वाकून अगदी हळू म्हणाले, "पुलात घे तिला. पुलात घेतलं की आतलं सगळं पुसलं जातं, तूच सांगितलंस ना?"

तिने सहा डिस्क परत बसवल्या. सात ओळींपुढे सात खुणा केल्या. मशीनने विचारलं: निवडलेल्या डिस्कवरचं सर्व काही पुसलं जाईल. पुढे जायचं?

सातव्या ओळीत आता बासष्ट टक्के होते.

"काका, ही भरतेय."

"भरतेय म्हणजे?"

"हिच्यावर कुणीतरी साठवतंय. आत्ता."

काकांनी ओठांवरून हात फिरवला. "दाब तू. तुझी काकू पुन्हा तशी बसली ना, तर या खेपेला उठायची नाही."

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि काकू चहाचे कप घेऊन आत आल्या.

"झालं का गं? जेवूनच जा, भात जास्त लावलाय. किती बसवल्यास?"

"सहा," काका म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं."

कप टेबलावर ठेवून काकूंनी मान जराशी कलती केली. या भिंतीपलीकडे त्यांनी वीस वर्षं स्वयंपाक केला होता. कुठलं मशीन कुरकुरतंय ते त्या कढईत कालथा फिरवता फिरवता सांगत, आणि ते कधी चुकत नसे.

"मला सात ऐकू येतायत," त्या म्हणाल्या. "सातवी जरा दमलीये."



"मागच्या वेळी तू नुसती मान हलवलीस," काकू डिस्कवालीला म्हणाल्या. "आज तोंडाने सांग."

डिस्कवालीने काकांकडे पाहायचं टाळलं. "सात आहेत, काकू," ती म्हणाली, आणि सातव्या ओळीपुढची खूण काढून टाकली. मग बटण दाबलं.

सहा डिस्कांचा पूल व्हायला चार मिनिटं लागली. चहावर साय धरली.

काकूंनी गिऱ्हाइकांना फोटोसाठी बसवायचं स्टूल ओढलं आणि स्क्रीनसमोर बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंनी तो झटकला नाही. तो तिथे आहे हे त्यांना कळलं असावं, असंही वाटलं नाही.

"भात निवेल," काका म्हणाले.

त्रेसष्ट टक्के.

मागच्या वर्षी घाईत डिस्कची वायर काढायची राहून गेली होती. पहिलं भोक पडलं तेव्हा डिस्क आत अजून फिरत होती.