बारा पॉइंट चार

“सहा पॉइंट दोन,” ऑपरेटर म्हणाला. यंत्रातून वाटी बाहेर काढताना त्याने ताईंकडे बघायचं टाळलं.

सकाळपासून तीनदा ताईंचा मका वाटीत गेला होता. तीनदा यंत्राने त्याच्यावर प्रकाश टाकला, परत आलेल्या उजेडावरून आतल्या प्रथिनांचा हिशेब मांडला आणि तीनदा त्याला नापास केलं. नऊ टक्क्यांच्या खाली गेलेला मका संपलाच म्हणायचा. संध्याकाळी त्याचं सगळं बियाणं कोंबड्यांच्या खाद्यात जायचं.

या मक्याचं नवं वाण तयार करण्यापायी ताईंनी आठ हंगाम घालवले होते, नात्यातली लग्नं चुकवली होती. संशोधन केंद्रातले लोक त्यांना मकाताई म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. मका जांभळा, जवळजवळ काळाच, जाड कवचाचा. यंत्राला मात्र शिकवलं होतं ते सगळं पिवळ्या मक्यावर. ज्याने जन्मात काळा दाणा पाहिला नाही, ते त्याची परीक्षा घ्यायला बसलं होतं.

“साहेब, रसायन विभागाने हाच मका दळून तपासलाय. अकरा आलंय, अकरा.”

विभागप्रमुख दारातच उभे होते. त्यांनी घड्याळात पाहिलं. “सगळ्यांचा मका यंत्राने मोजायचा आणि तुमचा तेवढा दळून? उद्या प्रत्येक जण हेच मागेल, ताई.”

“पण यंत्राला हा मका ओळखूच येत नाहीये.”

“ओळखत नसतं तर आकडा आला असता का?” असं म्हणून त्यांनी फोन काढला आणि त्यात डोकं घातलं.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनोळखी दाणा आला की यंत्रावर लाल दिवा लागायचा. तो फार वेळा लागतो, कामाचा खोळंबा होतो, म्हणून साहेबांनीच तो बंद करून घेतला होता. हे त्यांना दोनदा सांगून झालं होतं. भिंतीशी बोललं असतं तर निदान भिंतीने घड्याळ तरी बघितलं नसतं.

खिडकीत एक बरणी होती. बियाण्याच्या डब्यांतली ओल शोषायला ठेवतात ते काचेसारखे निळे खडे तिच्यात भरलेले. ताईंनी बरणी उचलली, वाटी भरून खडे ओतले, वाटी यंत्रात सारली आणि स्वतःच बटण दाबलं.

“अहो ताई,” असं ऑपरेटर म्हणेपर्यंत यंत्र घरघरलं आणि पडद्यावर आकडा आला. बारा पॉइंट चार.

“बघा!” साहेब मान वर करून चटकन आत आले. “बारा पॉइंट चार! उगाच यंत्राच्या नावाने खडे फोडत होतात.”

ताईंनी वाटी बाहेर ओढली आणि त्यांच्या हातात दिली. साहेबांनी एक खडा चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, परत वाटीत टाकला. त्यांचे कान लाल झाले.

“यंत्राची काही चूक नाही,” ते अखेर म्हणाले. “तुम्ही त्यात भलतीच वस्तू घातलीत.”

“हो ना साहेब! तेच तर सकाळपासून सांगतेय!”

क्षणभर ताईंना वाटलं, जिंकलं. साहेब खरंच विचारात पडले होते. तेवढ्यात ऑपरेटर खाकरला.

“साहेब, एक घोटाळा झालाय. ताईंनी नमुन्याचा नंबर बदललाच नाही. हा आकडा त्यांच्या मक्याच्या नावावर गेला.”

“खोडून टाक.”

“खोडता येत नाही. आकडे थेट वरच्या कार्यालयात जातात आणि शेवटचा असेल तोच धरतात. मधे कुणी हात घालू नये म्हणून तुम्हीच तशी सोय करून घेतलीत.”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, मग जाऊन दार लोटून घेतलं.

“म्हणजे मका पास झाला,” ते म्हणाले.

“मका नाही, खडे पास झाले. वर कळवा, साहेब. रसायनवाल्यांकडून परत तपासून घ्या आणि खरं असेल ते लिहा. माझे अकरा आहेत, मला बारा नकोत.”

“काय कळवू? आमच्या विभागात खडे मोजतात म्हणून?” साहेबांचा आवाज एकदम मवाळ झाला. “अहो, इतकी वर्षं राबलात. मका वाचला ना? मग आता कशाला फाटे फोडताय?”

ताईंना हसू येईना आणि रडूही येईना. मका वाचला होता, हे खरंच. पण त्या दाण्यात काय आहे, ते आता कुणीच विचारणार नव्हतं.

ऑपरेटरने बारा पॉइंट चारची चिठ्ठी छापली आणि मक्याच्या पिशवीला बांधली. ताई वाटीतले खडे बरणीत भरू लागल्या. साहेब निघाले, पण दारातून वळले. चेहऱ्यावरची घाई गेली होती. आता तिथे अभिमान होता म्हणा ना.

“अभिनंदन हं, ताई. पुढच्या हंगामात तेराच्या पुढे न्या.”

ताईंनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग बियाण्याचं कपाट उघडून ती आपल्या मक्याच्या शेजारी ठेवली.