गॅसची शेगडी

बायको गेल्यापासून थॅडियसच्या आठवड्यात जीव यायचा तो रविवारीच. चर्चमध्ये पाद्रीबाबांचं गात-गात रंगलेलं प्रवचन ऐकून तो घरी पोचेपर्यंत मुलगा लमार आलेला असायचा. मागच्या अंगणात बर्गर भाजायला शेगडीत कोळसे पेटवायचे आणि त्यांच्यावर पांढरी राख धरेपर्यंत बापलेकांनी खुर्च्या टाकून बसायचं. "नुसता खोळंबा," असं लमार कुरकुरायचा. पण नोकरीतली धुसफूस, बायकोशी झालेलं भांडण, सगळं तो त्याच तासाभरात बोलून मोकळा व्हायचा.

यंदा फादर्स डेला लमारने गॅसची चकचकीत शेगडी आणून उभी केली. "पप्पा, आता धुरात डोळे चोळत बसणं बंद. बटण दाबा, की झालं."

"आणि चवीचं काय रे?"

"चवीला काय धाड भरलीय? सॉस तर तुमच्याच हातचा आहे ना."

पंधरा मिनिटांत बर्गर खरपूस भाजून झाले. लमारने बोटं चाटत खाल्ले, घड्याळ पाहिलं आणि खुशीत म्हणाला, "बघा, केवढा वेळ वाचला तुमचा." दीड वाजता त्याची गाडी वळणापलीकडे गेलीसुद्धा.

सोमवारी थॅडियसने शेगडी ट्रकमध्ये घातली आणि दुकानात परत नेली.

"पेटत नाही का, काका?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"पेटते की. बटण दाबलं की लगेच पेटते."

"मग फॉर्मवर तक्रार काय लिहू?"



"तीच लिही, पोरी."