कोरं कार्ड

"पणजोबांच्या वेळच्या प्लेगात सगळं सोलापूर माळावर गेलं, पण आमचा उंबरा कुठल्याच रोगाला ओलांडता आला न्हाय. नातीला सुई नको," असं चनमल्लप्पांनी दारातल्या नर्सबाईंना सुनावलं, तेवढ्यात शेजारची शेळी उंबरा ओलांडून आत गेली. नातीच्या कोऱ्या लसीकरण कार्डानं ते तोंडावर वारा घेत होते. ही गोष्ट गेल्या वर्षीची. आज त्याच कार्डानं ते तापलेल्या नातीला वारा घालत होते. गल्लीतलं एक पोर कालच घटसर्प होऊन दवाखान्यात पोचलं होतं, आणि नातीलाही सकाळपासून दूध गिळवेना. नर्सबाईंनी बॅटरी लावून घशात पाहिलं. आत घटसर्पाचा करडा पापुद्रा दिसला. "आता सुईनं भागायचं नाही, अप्पा," म्हणत त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. चनमल्लप्पांनी कार्ड धोतराला पुसलं आणि हळूच पुढं केलं. "अक्का, तारीख तेवढी गेल्या वर्षीची टाका की."