कुत्र्याचं नाव सगळ्यांना पाठ

"जिचा खून झाला, त्या मुलीचं नाव काय होतं?"

सगळ्यांसमोर हा प्रश्न विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी लॅमिंग्टन केकची पैज लावली, म्हणून नेलनं गावच्या फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये उठून खणखणीत आवाजात विचारलं. गावातल्याच खुनावरचा तो गाजलेला सिनेमा चाळीस वर्षांनी पुन्हा दाखवला होता आणि आता प्रेक्षक माइकवरून आपापली मतं सांगत होते.

"ते सोड गं पोरी, खुनी बघ काय झकास वठवलाय!" ग्रेग खाटीक म्हणाला.

"आणि त्याचा तो केल्पी कुत्रा, बिस्किट! काय गोड!" शाळेतल्या बाईंना भरून आलं.

"मुलीचं नाव कोण लक्षात ठेवणार? ती तर दहाव्या मिनिटालाच मरते!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा हॉल खोखो हसला.

नेल पैज जिंकली. केक मात्र तिथंच टाकून तिनं तडक घर गाठलं. टीव्हीवर तो सिनेमा लागला की दर वेळी बसायचे, तसेच आईबाबा भरदुपारी पडदे ओढून बसले होते.



"आई, बाबा, उद्यापासून मी शाळेत जॅनेल हे पूर्ण नाव लावणार. मावशीचं नाव ऐकून गाव कुजबुजेल म्हणूनच मला नेल केलंत ना? घाबरू नका, ते कुणाला आठवतसुद्धा नाही."